गाऊनवर चहा पिता यावा म्हणून: सोलापूर रस्त्यावरची एक नर्सरी आणि चाळीस फुटांचं हिरवं कुंपण

नर्सरीला पाचपैकी तीन. चर खणून झाडं लावून देणाऱ्या माळीकाकांना साडेचार. कुंतीला पाच, तगरीला साडेचार, बांबूला अडीच, मांडवावरच्या मधुमालतीला चार. आणि मला स्वतःला दोन. माझे तीन गुण कुठे कापले गेले ते ओघात येईलच.

आमचं घर हडपसरला, जुन्या बैठ्या बंगल्यांच्या सोसायटीत. मागे दक्षिणेकडे ४० फूट लांब आणि १६ फूट रुंद अंगण. तिथंच धुणं, तिथंच वाळवणं आणि सकाळी साडेसहाला तिथंच खुर्ची टाकून माझा चहा. टपाल खात्यात ३४ वर्षं मी काउंटरमागे काढली. दिवसभर समोर माणसांची रांग आणि सगळ्यांची नजर माझ्यावर. निवृत्तीनंतर एकच चैन ठरवली होती: सकाळचा पहिला चहा गाऊनवर, केस न विंचरता, कुणाच्या दृष्टीस न पडता प्यायचा. वर्षभर प्यायलेसुद्धा. मग मागचा बंगला पाडला गेला आणि त्या जागी खाली पार्किंग आणि वर सात मजले उभे राहिले. इमारत आमच्या भिंतीपासून १५ फुटांवर, आणि प्रत्येक मजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी आमच्या अंगणावर. माणसं वाईट नाहीत हो. पण कुकरच्या शिट्या मोजत खिडकीशी उभं राहिलेलं माणूस बघणार कुठे? खाली. आणि खाली मी.

पहिला महिना मी गाऊनवर ओढणी घेऊन बसले. दुसऱ्या महिन्यात चहा आत, डायनिंग टेबलाशी. "अगं, झाडं लाव की," आमचे हे म्हणाले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, या माणसाने अंगणात एक तुळस लावलेली मला आठवत नाही, पण सल्ला चुकीचा नव्हता.

तर जून २०२३. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं आणि लोणी काळभोर मागे पडलं की सोरतापवाडी, उरुळी कांचनपर्यंत दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या. कुठली निवडायची याला काही शास्त्र नाही. गाडी लावायला सावली मिळाली तिथं आम्ही थांबलो. नर्सरीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे, आणि तक्रारीनंतर त्यांनी थोडं नीटही केलं. नाव लिहिलं की वाचणाऱ्याला तक्रार तेवढी लक्षात राहते.

रविवारी जाऊ नका, हे पहिलं. रविवारी अख्खं पुणे तिथं असतं. आम्हाला जो दादा झाडं दाखवत होता तो एकाच वेळी चार गिऱ्हाइकं सांभाळत होता. "कुंपणाला आडोसा हवाय" एवढं ऐकलं आणि त्याने सरळ कोनोकार्पसच्या रांगेपुढे नेऊन उभं केलं. "काकू, ६० रुपये रोप, वर्षात भिंतीच्या वर. पाणी नाही, खत नाही, कीड नाही." खोटं काही बोलत नव्हता. माझी धाकटी बहीण बडोद्याला असते. तिच्या सोसायटीने याच झाडाची लांबच लांब रांग लावली होती आणि दोन-तीन वर्षांत मुळं ड्रेनेजच्या चेंबरमध्ये शिरली. चेंबर उघडलं तर आत जटा वाढलेल्या, असं ती सांगायची. आमची ड्रेनेज लाइन त्याच भिंतीकडून जाते. नको म्हटलं. त्याच वर्षी गुजरात सरकारने कोनोकार्पस लावायला बंदी घातल्याची बातमी आली तेव्हा बहिणीने ती मला तीनदा पाठवली. इकडच्या नर्सऱ्यांत मात्र अजून दिसतो. स्वस्त आहे, झपाट्याने वाढतो आणि 'आडोसा' म्हटलं की विकणाऱ्याच्या तोंडी पहिलं नाव तेच येतं.

मग अशोक. म्हणजे आपला सीतेचा अशोक नव्हे, हा सरळसोट उंच जाणारा खोटा अशोक. त्याने आडोसा होतो, पण वरच्या मजल्यांना. खालचा बुंधा उघडा पडतो आणि माझी अडचण नेमकी खालीच होती. शिवाय उद्या नको झाला तर १९७५च्या वृक्ष कायद्याने महापालिकेची परवानगी काढल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. कायदा चांगलाच आहे. पण म्हणूनच लावताना दहादा विचार करावा. कण्हेर त्याने दाखवली, बिट्टी दाखवली. फुलं देखणी, पण दोन्ही विषारी, आणि माझा नातू त्या वेळी दोन वर्षांचा. दिसेल ते तोंडात घालायचं वय. डुरांटाची पिवळी गोंडस फळंही त्याच कारणासाठी बाद, शिवाय पावसाळ्यात त्याला दर तीन आठवड्यांनी कात्री लागते. मोरपंखी मलाच नको होती. आतून वाळत जाते आणि पुढे कार्यालयाच्या दारातल्या शोभेसारखी दिसते.

शेवटी कुंतीवर आले. नर्सरीत तिला कामिनी म्हणतात. कढीपत्त्याची जवळची बहीण, पानं गर्द, बारमाही हिरवी, फुलं पांढरी आणि वास असा की रात्री खिडकी लावून घ्यावीशी वाटत नाही. माझ्या माहेरी साताऱ्याला दारात होती. इथंच माझे पहिले दोन गुण गेले. दादा म्हणाला, दोन फुटांचं रोप ९० रुपये, सहा फुटांचं ४५०. "काकू, कुंती सावकाश वाढते. लहान न्याल तर तीन वर्षं वाट बघाल. हे घेऊन जा, उद्यापासून आडोसा." उद्यापासून! मला अजून काय हवं होतं? सहा फुटी दहा घेतली. सोबत तगरीची चार, १२० रुपयांची, आणि बांबूची दोन, ३५०ची. टेम्पोचे २,२०० वेगळे. एकूण ७,८८०. त्याने हिशोब बियाण्याच्या पाकिटावर करून दिला आणि वर झेंडूची सहा रोपं तशीच दिली. तीही खपून गेली.

माळीकाका आमच्याकडे पंधरा वर्षं येतात. टेम्पोतून झाडं उतरवताना ते काही बोलले नाहीत. एकेक झाड उचलून फक्त बुंध्याला हात लावत होते. मग म्हणाले, "ताई, उंची विकत घेतलीत. पालाच नाही." मी नीट बघितलं. सहापैकी खालचे साडेतीन फूट नुसती काठी, वर छत्रीसारखा झुपका. म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या पातळीला एकही पान नाही. नर्सरीत अशी झाडं खेटून उभी असतात, मागे हिरवं, पुढे हिरवं. त्यामुळे एकेकट्याचे पाय दिसत नाहीत. घरी आणून भिंतीपुढे उभी केली की दिसतात.

आणखी दिसायचं होतं. आधी चर खणला. खड्डे नको, सलग चर, असं माळीकाकांचं म्हणणं: दोन फूट रुंद, दोन फूट खोल, चाळीसच्या चाळीस फूट. दोन माणसं दोन दिवस खपली. बिल्डरने सामाईक भिंत नव्याने बांधून दिली होती, तिच्या पायथ्याला काय काय पुरलं होतं ते तेव्हा कळलं. फरशीचे तुकडे, सिमेंटचे गोळे, एक अख्खा नळ, पांढरं पुट्टीचं पोतं. तो राडारोडा तसाच ठेवून वर वीतभर माती टाकली असती तर कुठलंही झाड वर्षभरात पिवळं पडलं असतं. १६० घनफूट माल उपसला, म्हणजे दीड ब्रासच्या वर. तेवढीच तांबडी माती आणि कुजलेलं शेणखत आत गेलं, थोडी निंबोळी पेंडही. मजुरी आणि माती मिळून १५,००० गेले. झाडांच्या किमतीच्या अडीचपटीहून जास्त. तुमचं बजेट ठरवताना हा आकडा ध्यानात ठेवा. सगळे रोपांचेच भाव विचारतात.

मग पिशव्या फाडल्या. काळी जाड पिशवी, बादलीपेक्षा मोठी. माळीकाकांनी ब्लेडने उभा छेद दिला आणि माती भसकन खाली आली. मोठ्या पिशवीच्या आत, मधोमध, नारळाएवढी घट्ट हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा. बाकी सगळी नवी, मोकळी, कालपरवा भरलेली माती, तिच्यात एक पांढरं मूळ नाही. हुंडीच्या कडेला करंगळीएवढी जाड मुळं कापलेली, टोकं काळी पडलेली. म्हणजे झाड जमिनीत वाढवलेलं, आम्ही यायच्या थोडे दिवस आधी उपटून मोठ्या पिशवीत बसवलेलं. सहा फुटांचं ओझं आणि नारळाएवढी मुळं. दहांपैकी सातांची हीच गत होती. तिघांच्या पिशव्यांत मुळं चांगली भरलेली निघाली, ती तिन्ही जगली. सातांपैकी चार ऑगस्ट उजाडायच्या आत गेली. वरून पाऊस, खाली पाणी, आणि झाड उभ्या उभ्या सुकत गेलं. सासूबाई रोज सकाळी त्यांच्याकडे बघून "चच्च" करायच्या.

नर्सरीत फोन केला. उत्तर ठरलेलं: झाडाची गॅरंटी नसते, पाणी जास्त झालं असेल. मी टपालातली बाई आहे. तक्रारी घेण्यात जन्म गेला, त्यामुळे तक्रार कशी करायची ते मला ठाऊक. आवाज चढवला नाही. हुंडीचे फोटो काढून ठेवले होते, ते घेऊन मंगळवारी, गर्दी नसताना, स्वतः गेले. या वेळी गल्ल्यावर मालकांची आई बसली होती, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल. फोटो बघून त्या मुलाला काही बोलल्या नाहीत, मला म्हणाल्या, "या मागं." मागच्या शेडनेटमध्ये दोन-अडीच फुटी कुंतीची रांग होती. गुडघाभर, पण जमिनीपासून फुटवे, कुठे काठी दिसत नाही. त्यांनी एक रोप पिशवीसकट आडवं केलं, तळाची भोकं दाखवली. प्रत्येक भोकातून पांढरी केसांसारखी मुळं डोकावत होती. "हे बघून घ्यायचं. उंची बघून नाही." चार मेलेल्यांच्या बदल्यात आठ लहान रोपं दिली, पैसे घेतले नाहीत. या आजींमुळे नर्सरी तीनवर आली, नाहीतर एक दिला असता.

आणखी एक सांगितलं त्यांनी, ते फार कामाचं. कामिनीची एक बुटकी जात असते, पानं बारीक, दिसायला दाट आणि गोजिरी. ती गुडघा-कमरेच्या वर जात नाही. कुंडीला छान, आडोशाला निरुपयोगी. पान मोठं आहे ना, एवढं विचारून घ्या.

चार रोपं मेलेल्यांच्या जागी लागली, चार कुंडीत राखीव ठेवली. उरलेल्या सहा उंच झाडांचं माळीकाकांनी काय केलं? अडीच फुटांवर कापली! माझ्या डोळ्यांदेखत, ४५० रुपयांची एकेक. मी आत निघून गेले. पण तीन आठवड्यांत प्रत्येक खुंटाला खालपासून कोंब फुटले, आणि पुढच्या वर्षी ती काठी कुठे होती ते शोधावं लागलं. म्हणजे उंचीचे ३६० रुपये जास्त मोजून शेवटी आम्ही ९० रुपयांच्या रोपावरच आलो. हे दोन गुण त्यापायी. तिसऱ्याची गोष्ट आता.

तिसरा गुण गेला, कारण मोजमाप मी झाडं आणल्यावर केलं. खरं तर आधी करायचं असतं, आणि त्याला एक पैसा लागत नाही. माझा भाचा सिव्हिलला आहे. तो गणपतीत आला होता. त्याने विचारलं, "मामी, तुला नेमकं कुठल्या मजल्यापासून लपायचंय?" मी म्हटलं, सगळ्या. तो हसला. मग आम्ही प्रयोग केला. ह्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, भाचा चराशी उभा राहिला, हातात धुणं वाळत घालायची काठी, तिच्या टोकाला माझी लाल ओढणी. मी वर पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात. त्यांनी आधी पोहे पुढे केले. त्यांनाही कुणाच्या अंगणात बघायची हौस नव्हती, ओटाच खिडकीशी आहे, करणार काय. मी फोनवर सांगायचं, अजून वर, अजून वर, हां, आता दिसत नाहीत. ओढणी साडेसात फुटांवर आली तेव्हा ह्यांचं टक्कल झाकलं गेलं. तेच दुसऱ्या मजल्यावरून केलं, तर पावणेअकरा. तिसऱ्याचा भाच्याने कागदावर हिशोब केला, जवळजवळ चौदा. चौथ्याला सतरा.

सतरा फुटांची कुंती मी या जन्मी बघणार नव्हते. तेव्हा भाच्याने काठी खाली ठेवली आणि ह्यांना म्हणाला, "मामा, उठा जरा." खुर्ची उचलून भिंतीकडे सरकवली. पूर्वी भिंतीपासून दहा फुटांवर होती, आता सहावर, म्हणजे झाडांच्या रांगेपासून चारच फूट. पुन्हा मोजलं. पहिला मजला सहा फूट. दुसरा आठ. तिसरा दहा. चौथा बाराच्या आत. खुर्ची चार फूट हलली आणि चौथ्या मजल्यासाठी पाच फूट झाड वाचलं! झाडाच्या जितकं जवळ बसाल तितकं ठेंगणं झाड पुरतं. छत्री अंगाजवळ धरतो तसं. आम्ही उगीच घराच्या भिंतीला पाठ लावून बसत होतो.

वरच्या मजल्यांना मात्र उभा पडदा पुरा पडत नाही, तिथं आडवाच हवा. खुर्चीवर आठ बाय आठचा लोखंडी पाइपचा मांडव करून घेतला आणि एका पायाशी मधुमालती लावली. पडदावेलही मनात होती, पण ती वरून खाली लोंबते. गॅलरीला किंवा गच्चीच्या कठड्याला ती शोभते, मांडव भरायचं तिचं काम नाही. मधुमालतीने एका पावसाळ्यात मांडव भरला. संध्याकाळी फूल पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग. एक गुण कापला तो तिच्या आगाऊपणाचा. जुलैत आठवडाभर गावाला गेलो तर ती धुण्याच्या दोरीवर चढून पहिल्या मजल्याच्या ग्रिलला पोहोचली होती. वर्षातून दोनदा कडक छाटणी हवीच. फुलंही थंडीत कमी येतात, त्यात तिचा दोष नाही, ते आमच्या सूर्याचं आहे.

हा सूर्याचा मुद्दा नर्सरीत कुणीही विचारला नाही, आणि विचारायला हवा होता. इमारत आमच्या दक्षिणेला. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे सात मजल्यांची सावली अख्ख्या अंगणावर, भर बाराला फरशी गार. मे महिन्यात मात्र पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा तीच फरशी तव्यासारखी तापते. म्हणजे आमच्या झाडांना सहा महिने सावली सोसायची आणि सहा महिने ऊन. बोगनवेल मी हौसेने एक लावली होती, तिला ही सावली मानवली नाही. नुसते काटे आणि पानं, रंगाचा पत्ता नाही. आता ती पुढच्या फाटकाशी आहे आणि पेटल्यासारखी फुलते. कुंती आणि तगर मात्र दोन्ही सोसतात.

तगरीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नर्सरीत तिची कुणी जाहिरात करत नाही. आपल्याकडे तगर म्हणजे देवाच्या फुलांचं झाड, आडोशासाठी म्हणून ती कुणाला सुचत नाही. पण खालपासून पाला धरते, छाटली की चिडत नाही, वाढ कुंतीच्या दुप्पट. १२० रुपयांची चार रोपं तीन-तीन फुटांवर लावली, तिसऱ्या पावसाळ्यानंतर ती आठ फुटांवर गेली आहेत आणि मध्ये हात घालायला जागा नाही. सासूबाईंचं वय ८६. त्या परडी घेऊन रोज जातात, डबल तगरीची फुलं मोजून २१ घेतात. गेल्या सप्टेंबरात त्यांनी हाक मारली, "अगं, इथं मिरी कोणी सांडली?" फरशीवर खरंच मिऱ्यांएवढ्या काळ्या गोळ्या. वर बघितलं, तर फांदी नागडी, आणि तिला चिकटून अंगठ्याएवढी जाड हिरवी अळी. डोक्यामागे दोन निळे डोळे, काजळ घातल्यासारखे. मी काडीने जरा डिवचलं तर मान आत ओढून ते डोळे असे वटारले की सासूबाई "राम राम" म्हणत दोन पावलं मागे. माळीकाका पंप आणायला निघाले होते, भाच्याने फोटो बघून थांबवलं. मोठ्या हिरव्या-गुलाबी पतंगाची अळी आहे, म्हणाला, कण्हेरीवर आणि तगरीवर असते. सात-आठ होत्या. राहू दिल्या. पंधरा दिवस एक कोपरा खराट्यासारखा दिसत होता, महिन्याभरात पुन्हा पानांनी भरला. अर्धा गुण कापलाय तो या पंधरा दिवसांचा. त्या कोपऱ्यातून दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा मला आणि मी त्यांना रोज दिसत होतो. शेवटी आम्ही नमस्कार-चमत्कार सुरू केले.

बांबूचं काय झालं? बेटाने वाढणारा आहे का, हे विचारून घेतलं होतं. जमिनीखालून पळणारा असता तर शेजाऱ्यांच्या पार्किंगमध्ये उगवला असता. वाढला झकास, दीड वर्षात १५ फूट. वाऱ्यात सळसळतोही छान. पण पाला! रोज टोपलीभर. मोरी तुंबते, धुण्यावर पडतो, आणि झाडायचा मीच. शिवाय दोन बेटांनी आठ फूट जागा घेतली आणि आता शेजारच्या तगरीचं पाणी पितात. ज्यांच्याकडे जागा आहे आणि झाडणारं दुसरं कुणी आहे, त्यांनी जरूर लावावा.

पाण्याला ठिबक केलंय. १६ मिलिमीटरची नळी, दर ४० सेंटिमीटरला ड्रीपर, तासाला चार लिटरचा. चाळीस फुटांत तीस ड्रीपर, म्हणजे तासाला १२० लिटर. उन्हाळ्यात एक दिवसाआड तासभर. पावसाळ्यात बंद.

एक प्रामाणिक गोष्ट. झाडं वाढेपर्यंतची दोन वर्षं काय केलं, हे कुणी सांगत नाही. आम्ही भिंतीवर लोखंडी अँगल लावून हिरवी नेट बांधली होती. दिसायला बांधकामाच्या जागेसारखी, पण तिच्याविना निभावलं नसतं. सासूबाईंनी आधी त्यांच्या दोन जुन्या नऊवारी काढून दिल्या होत्या, "नऊ वार आहे, पुरेल" म्हणत. एक खरोखरच आठवडाभर लावली. वाऱ्याने शीड झालं तिचं. नेट यंदाच्या दसऱ्याला उतरवली.

आज कुंती साडेसहा फुटांवर आहे. खुर्चीच्या जागेवरून पहिला मजला पुरता झाकला जातो, दुसऱ्याचा थोडा भाग तगर झाकते, तिसऱ्यापासून वर मांडव. या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, त्यानंतर आठवड्याभरात सगळी रांग एकदम फुलली. सकाळी चहाच्या कपात पाकळी पडली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी वरूनच विचारलं, "काकू, वास कसला येतोय?" त्यांना मी दिसत नव्हते, म्हणून आवाज जरा मोठा होता. मी "कुंती" म्हटलं आणि उठले नाही.

आता डिसेंबर सरला की बांबूचं एक बेट काढायचं ठरतंय. मला वाटतं आता निघेल, माळीकाका म्हणतात पहार लागेल. राखीव ठेवलेल्या चार कुंती कुंडीत कंटाळल्यात, त्या तिथं जातील, आणि दोन तगरी आणाव्या लागतील. मंगळवारी जाणार आहे, गल्ल्यावर आजी असतील त्या वेळी. पिशवी आडवी करून तळ बघायचा, आणि पर्समध्ये मोजपट्टी.